खेळाडूची मुखत्यारी आणि पात्राचा नकार



प्रौढांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या विज्ञानकल्पित संगणकीय खेळांची चर्चा मालवणच्या व्याख्यानमालेत कशासाठी, अशी शंका कोणाच्या मनात आली तर ती अस्थानी नाही. परंतु ज्या मुलखात दशावताराचा नट लिखित संहितेवाचून रात्रभर आख्यान रंगवतो, कथासूत्र तेवढे आधी ठरवून घेतो आणि समोरच्या पात्राने काय उत्तर द्यावे याचा अख्त्यार सर्वस्वी त्या समोरच्याकडे सोपवतो, त्या मुलखातील प्रेक्षकाला या विषयाचे मर्म जाणून घेण्यास फारसे सायास पडणार नाहीत, अशी माझी खात्री आहे.

कादंबरीहून वा चित्रपटाहून या खेळांचे वेगळेपण हे की येथे कथेचा ओघ खेळणाऱ्याच्या निवडीने वळतो. कॅनडातील बायोवेअर या संस्थेने 2007 साली काढलेल्या ‘मास इफेक्ट’मध्ये शेपर्ड नावाचा सेनानायक असतो, तो पुरुष असावा की स्त्री, हेही खेळणाराच ठरवतो. प्रसंग येईल तसे पडद्यावर उमटणाऱ्या उत्तरांतून तो एकेक उत्तर निवडत जातो, आणि त्या निवडींवरून यानातील एखाद्या सहकाऱ्याशी त्याचा प्रेमसंबंधही जुळू शकतो. एका स्त्रीचे परग्रहवासी स्त्रीरूप पात्राशी सान्निध्य दाखवणाऱ्या दृश्यामुळे सिंगापूरने त्याच वर्षी या खेळाला मज्जाव केला आणि लगोलग तो उठवून त्यावर प्रौढत्वाचा शिक्का मारला. पुढे 2014 साली ‘ड्रॅगन एज: इन्क्विझिशन’ हा त्याच संस्थेचा, मात्र अद्भुतरम्य जातीचा खेळ, स्थानिक कायद्याचा भंग होऊ नये या सबबीवर भारतातील विक्रीतून काढून घेण्यात आला. दोन्ही प्रकरणांत तपासले गेले ते दृश्य. शेपर्डच्या हाताखालचा अधिकारी त्याच्या प्रेमयाचनेला नाही म्हणू शकतो काय, आणि ज्याच्या तोंडून हुकूम सुटतात त्याच्या साध्या इच्छेलाही हुकमाचे वजन येते की नाही, हा प्रश्न मला त्या दृश्याहून कितीतरी गंभीर वाटतो. खेळात लष्करी नियमांचा उल्लेख येतो खरा, पण कथा तेथे फारशी थांबत नाही.

दृश्यावर भांडायचे आणि संमतीचा प्रश्न तसाच ठेवायचा, हा अनुभव महाराष्ट्राला नवा नाही. विजय तेंडुलकरांचे ‘सखाराम बाइंडर’ 1972 साली कमलाकर सारंगांनी रंगभूमीवर आणले, तेव्हा परिनिरीक्षण मंडळाने त्याला कात्री लावू पाहिली, मामला मुंबई हायकोर्टात गेला आणि सारंगांनी तो लढा जिंकला. ‘बाइंडरचे दिवस’ या पुस्तकात त्यांनी त्याची हकीकत लिहून ठेवली आहे. त्या वादात भाषेची, स्त्रीदेहाची आणि संस्कृतीची चर्चा उदंड झाली. परंतु नाटकाचा गाभा निराळा आहे. नवऱ्याने टाकलेल्या बाईला सखाराम घरी आणतो, पहिल्याच दिवशी आपले सारे नियम तिला ऐकवतो आणि पटेनासे झाले की निघून जाण्याची मुभाही देतो. वरवर पाहता हा चोख करार आहे. पण जिला जायला दुसरे दार नाही तिच्या होकाराला होकार म्हणावे काय? दारूच्या अमलाखाली गेल्यावाचून त्याच्या घरी आलेली चंपा त्याला जवळ येऊ देऊ शकत नाही, हे तेंडुलकर दाखवतात आणि फैसला आपल्यावर सोपवतात.

त्याच वर्षीच्या 26 मार्चला विदर्भातील देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला म्हणून खटला उभा राहिला. 1978 साली सर्वोच्च न्यायालयाने, तिच्या अंगावर जखमेची खूण नाही आणि तिने प्रतिकार केल्याचे दिसत नाही एवढ्यावरून तिची संमती गृहीत धरली आणि दोघा पोलिसांना दोषमुक्त केले. त्याविरुद्ध उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या चौघा कायदेपंडितांनी 1979 साली सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. 1983 साली कायदा बदलला. आणि संमती म्हणजे त्या विशिष्ट कृत्यासाठी स्वेच्छेने व निःसंदिग्धपणे कळवलेली तयारी, केवळ प्रतिकाराचा अभाव नव्हे, हे कायद्याच्या पुस्तकात स्पष्ट उमटायला 2013 साल उजाडावे लागले. खेळ रचणाऱ्यांनी हा इतिहास अवश्य वाचावा, असे मला मनापासून वाटते. कारण त्यांच्या कित्येक खेळांतील पात्रांची अवस्था त्या निकालातल्या गृहीतासारखी असते. नकाराचे शब्द त्यांच्यासाठी कोणी लिहिलेलेच नसतात, आणि मग त्यांचे मौन होकाराच्या खात्यावर जमा होते.

खेळाडूची मुखत्यारी निरंकुश आणि पणाला लागलेल्याला विचारणा शून्य, असा खेळ आपल्या परंपरेने फार पूर्वी पाहिला आहे. द्यूतसभेत द्रौपदीने निरोप्याकरवी जो प्रश्न धाडला, आधी स्वतःला हरलात की मला, तो खेळाच्या नियमांनाच घातलेला हात होता. विकर्णावाचून एकाही कौरवाने तो उचलून धरला नाही आणि भीष्मही धर्माच्या सूक्ष्मतेआड थांबले. गंगाराम गवाणकरांच्या ‘वस्त्रहरणा’तून आपण मालवणी माणसांनी त्या प्रसंगाला पोटभर हसून घेतले आहे, आणि ते हसणे निर्मळच आहे, पण प्रश्न अजून सभेत उभा आहे.

आता वास्तवतेविषयी. त्वचेवरील घाम, डोळ्यांतील ओल, केसांची बट हे सर्व आज हुबेहूब दाखवता येते, आणि ज्या नटांचे देह व आवाज टिपून हे साधले जाते त्यांना अमेरिकेत 2024 च्या जुलैपासून जवळजवळ वर्षभर संप करावा लागला, त्यातील मुख्य मागणी आपल्या यांत्रिक प्रतिकृतीच्या वापराला आपली संमती घ्यावी ही होती. इतकी बारीक कारागिरी करूनही पात्र खरे वाटत नाही, ते त्याला स्वतःची इच्छा नसते म्हणून. पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेड या संस्थेच्या ‘सायबरपंक 2077’ या 2020 सालच्या खेळात ज्यूडी नावाची स्त्री आहे. तिचे मन स्त्रियांकडेच वळणारे आहे. खेळणाऱ्याने पुरुषरूपी नायक घेतला, तर त्याने तिच्यासाठी कितीही जिवावर उदार होऊन कामे केली तरी ती त्याची मैत्रीणच राहते. पानाम नावाची दुसरी स्त्री नायिकेच्या बाबतीत असाच नकार देते. खेळणाऱ्याची निवड येथे आखडते, पण त्याच क्षणी त्या दोघी बाहुल्या उरत नाहीत. काही खेळाडूंनी संगणकातील फायलींत फेरफार करून ज्यूडीचा नकार पुसून टाकला. त्यात कोणा जिवंत स्त्रीविरुद्ध अपराध झाला असे मी म्हणणार नाही. मात्र ज्या ज्यूडीची त्यांना ओढ लागली होती ती त्या फेरफारात नाहीशी झाली, आणि तिच्या जागी त्यांचीच इच्छा तिच्या आवाजात बोलू लागली.

पॅरिसच्या क्वांटिक ड्रीमचा ‘डिट्रॉइट: बिकम ह्यूमन’ हा 2018 सालचा खेळ याहून पुढे जातो. त्यात 2038 सालच्या शहरात मानवाकृती यंत्रे विकत मिळतात, शय्यासोबतीसाठी भाड्यानेसुद्धा, आणि हळूहळू त्यांना स्वत्वाची जाण येते. खेळाच्या प्रारंभपटावर क्लोई नावाची अशीच एक यंत्रस्त्री खेळणाऱ्याचे स्वागत करीत असते. सारी कथा संपल्यावर ती त्याच्याकडे निघून जाण्याची परवानगी मागते. तो देऊ शकतो, नाकारूही शकतो. दिली तर ती जाते आणि तो पट रिकामा राहतो. खेळणाऱ्याच्या हाती सत्ता आहे हे लपवून न ठेवता त्या सत्तेचा जाब त्यालाच विचारणारी अशी रचना मला ‘मास इफेक्ट’च्या सगळ्या भव्यतेहून मोलाची वाटते.

कुडाळ-सावंतवाडीकडची, मालवणातली मुले आज संगणकशास्त्र शिकत आहेत, आणि त्यांच्यातील कोणी उद्या मराठीत असा खेळ लिहील, हे असंभवनीय नाही. त्यांना माझी एक सूचना आहे. प्रेमाचा वा लगटीचा प्रसंग लिहायला घेण्यापूर्वी स्त्रीपार्ट करणाऱ्या एखाद्या जाणत्या दशावतारी नटाला समोर बसवा, नायकाची वाक्ये तुम्ही बोला आणि उत्तरे त्याच्यावर सोडा. तो कोठे थबकतो, कोठे विषय बदलतो, कोठे उठून जातो, हे सगळे टिपून घ्या, आणि खेळात त्या प्रत्येक उत्तराला वाट ठेवा.