प्रकाशाची तलवार घरी बनवताना: सुरुवात कुठून करायची?

मी भिलाईहून बोलतोय. छत्तीसगडमधलं, पोलाद कारखान्याचं भिलाई. आजचा विषय ऐकून घरातली मोठी माणसं विचारतील, "अरे, पण याचा उपयोग काय?" त्याचं उत्तर शेवटी देतो. आधी वस्तू समजून घेऊ.

१९७७ साली 'स्टार वॉर्स' हा सिनेमा आला. त्यात मुठीचं बटण दाबलं की प्रकाशाचं पातं बाहेर येतं. खऱ्या जगात असं पातं होत नाही, कारण प्रकाश तीन फुटांवर थांबत नाही, तो पुढे जातच राहतो. म्हणून आपण जी बनवतो ती एक मूठ, एक अर्धपारदर्शक नळी, एक दिवा आणि एक सेल. थोडक्यात, लांब काचेची विजेरी! हे एकदा डोक्यात बसलं की भीती निम्मी कमी होते.

उरलेली निम्मी भीती सिनेमाचाच इतिहास घालवतो. नायकाच्या हातातली पहिली तलवार कुठल्या प्रयोगशाळेत बनली नव्हती. सेट सजवणारे रॉजर ख्रिश्चन यांना लंडनमधल्या एका फोटोग्राफीच्या दुकानात ग्राफ्लेक्स कंपनीच्या जुन्या कॅमेऱ्यांच्या फ्लॅशचे दांडे सापडले. त्यावर त्यांनी पकडीसाठी रबरी पट्ट्या चिकटवल्या, कॅल्क्युलेटरमधली एक पट्टी बसवली, झाली मूठ. पातं म्हणजे प्रकाश परावर्तित करणारं कापड गुंडाळलेली काठी, आणि तिची झळाळी नंतर फिल्मवर रंगवून वाढवलेली. आवाज बेन बर्ट यांनी जुन्या प्रोजेक्टरच्या मोटरची घरघर आणि टीव्हीच्या पिक्चर ट्यूबची गुणगुण मिसळून केला. म्हणजे मूळ वस्तूच जुगाडाची आहे. मग भिलाईत, नागपुरात, बेळगावात किंवा इंदुरात बसून आपण का लाजायचं?

भिलाईचा तर हक्कच आहे म्हणा ना. सोव्हिएत मदतीचा करार १९५५चा, पहिली झोतभट्टी सुरू झाली १९५९ला, आणि तेव्हापासून हे गाव लोखंडाला आकार देतंय. रेल्वेचे रूळ इथे बनतात. लाइट इंडस्ट्रियल एरियात, हथखोजला लेथची दुकानं आहेत. आपण लेथवाला म्हणतो, इथे खरादवाला म्हणतात. आणि सेक्टरांमधल्या क्वार्टरांत निवृत्त फिटर, टर्नर, वेल्डर काका आहेत, ज्यांच्या हातात चाळीस वर्षांची विद्या आहे आणि ती विचारायला फारसं कुणी येत नाही. तुमच्या गावातही असे काका असतील. या छंदाचं पहिलं साहित्य तेच.

आता कामाला लागू. पहिला नियम: सुरुवात मुठीपासून करू नका, पात्यापासून करा. बहुतेक जण आधी झकास मूठ बनवून घेतात आणि मग नळी शोधत फिरतात. परदेशी चित्रफितींत पात्याचा व्यास एक इंच सांगतात, म्हणजे २५.४ मिलिमीटर. आपल्याकडे नळी बहुधा २५ मिलिमीटरची मिळते. फरक ०.४ मिलिमीटरचा. ऐकायला काहीच नाही, पण एक इंच आतून कोरलेल्या मुठीत ती नळी डुगडुगते आणि दोन-चार ठोक्यांत सैल होते. त्यात खरादवाले काका सुतात बोलतात, आठ सूत म्हणजे एक इंच. म्हणून नळी आधी घ्या, व्हर्नियरने मोजा, आणि मूठ कोरायला देताना ती नळी सोबत न्या. "हिला घट्ट बसेल असं करा" एवढंच सांगायचं. आकड्यांचा घोळ राहत नाही.

नळी पॉलिकार्बोनेटचीच घ्या. अॅक्रिलिक दिसायला तसंच, स्वस्त आणि चकचकीत, पण आपटलं की तडकतं आणि त्याचे तुकडे धारदार असतात. शोपीस करायचं असेल तर नळीची जाडी दोन मिलिमीटर पुरते. खेळायचं असेल तर तीन. नळी बाहेरून बारीक पॉलिश पेपरने घासली की दुधाळ होते. आत पातळ, धुरकट प्लास्टिकचा कागद गुंडाळून सरकवा. टोकाच्या झाकणाला आतून आरशासारखा स्टिकर लावा, म्हणजे वर गेलेला प्रकाश परत खाली येतो आणि पातं टोकापर्यंत सारखं उजळतं.

मुठीसाठी अॅल्युमिनियमचा पाइप उत्तम. भंगारात मिळतो, हलका असतो, कानशीने घासता येतो, आणि दिव्याची उष्णताही ओढून घेतो. नळी अडकवायला एम-४ मापाचा एक स्क्रू पुरतो. ३.३ मिलिमीटरचं भोक पाडायचं आणि टॅपने आटे पाडायचे. भोक थेट चार मिलिमीटरचं पाडलं, तर आटे पडायला धातूच उरत नाही.

आता दिवा. पहिल्या तलवारीला एकच एलईडी लावा, तीन वॉटचा, अॅल्युमिनियमच्या चकतीवर बसवलेला. आणि माझा आग्रह आहे की पहिली तलवार लाल करा. हो, खलनायकाची! कारण गणितात आहे. लिथियम सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट देतो. लाल एलईडीला साधारण २.२ व्होल्ट लागतात. मध्ये दोन व्होल्ट उरतात, ते रेझिस्टरने खायचे. ३.३ ओहमचा रेझिस्टर लावला तर दोन भागिले ३.३, म्हणजे सुमारे ०.६ अँपिअर. सुरक्षित आणि भरपूर उजेड. रेझिस्टरवर सव्वा वॉटच्या आसपास उष्णता होते, म्हणून तो दोन वॉटचा घ्या; पाव वॉटचा छोटा घेतला तर जळेल. निळ्या किंवा हिरव्या एलईडीला तीन व्होल्टच्या वर लागतात. तिथे रेझिस्टरसाठी उरतं जेमतेम एक व्होल्ट, त्यामुळे सेल थोडा उतरला की पातं लगेच मंदावतं. लाल शेवटपर्यंत साथ देते. अडीच हजार मिलिअँपिअर-तासाचा सेल असेल तर चार-पाच तास चालते.

हा एवढा सर्किट, म्हणजे सेल, स्विच, रेझिस्टर आणि एलईडी, आधी टेबलावर जोडा. मल्टीमीटरने करंट मोजा. दहा मिनिटं चालू ठेवून चकती किती तापते ते बघा. मगच मुठीत बसवा. मुठीत बसवल्यावर चूक शोधणं म्हणजे शिवलेल्या उशीत सुई शोधणं.

आपल्याकडे गणपतीची आरास दरवर्षी कुणीतरी करतंच. पळत्या दिव्यांची माळ जोडणारा एक दादा किंवा ताई प्रत्येक घरात असते. त्यांना दुसरी पायरी सोपी जाईल. ती म्हणजे पिक्सेलचं पातं. यात नळीतच एलईडीची पट्टी असते, मीटरला १४४ दिव्यांची, आणि प्रत्येक दिवा वेगळा पेटवता येतो. म्हणून पातं मुठीतून उगवत वर जाताना दिसतं. पण इथे करंट बघा. ८० सेंटिमीटरच्या पात्यात पाठीला पाठ लावून दोन पट्ट्या, म्हणजे सुमारे २३० दिवे. एका रंगाला प्रत्येकी २० मिलिअँपिअर धरले, तर साडेचार अँपिअरच्या वर. पांढरा रंग म्हणजे तिन्ही रंग एकदम, तेरा-चौदा अँपिअर. बारीक वायर आणि साधा सेल इथे चालत नाही. तिसरी पायरी आवाजाची: हालचाल ओळखणारा सेन्सर, मेमरी कार्डवरून आवाज वाजवणारं मॉड्यूल आणि छोटा स्पीकर. ओपन सोर्स बोर्डही मिळतात, प्रॉफीबोर्ड त्यातला नावाजलेला. पण एकेक पायरी. तिन्ही एकदम करायला गेलेली तलवार बहुधा खणात अर्धवट पडून राहते, आणि मग "मला हे जमत नाही" असं वाटायला लागतं. खरं तर घाई झालेली असते.

आता सगळ्यात महत्त्वाचं, सेल. गंमत इथे संपते. १८६५० मापाचा लिथियम सेल शॉर्ट झाला तर क्षणात तापतो, पेट घेऊ शकतो, आणि तुमच्या हातात ती धातूची बंद नळी असते. म्हणून काही गोष्टी पाळाच. बाजारात ९९०० मिलिअँपिअर-तास छापलेले सेल दिसतात. चांगल्या कंपन्यांचे या मापाचे सेल साधारण साडेतीन हजारांच्या आसपास थांबतात, तेव्हा ९९०० छापणाऱ्याने बाकी काय काय खोटं सांगितलं असेल, याचा विचार करा. सेलला थेट डाग देऊ नका, होल्डर वापरा. मूठ धातूची आहे, म्हणून प्रत्येक जोडावर हीट श्रिंक स्लीव्ह हवीच. चार्जिंगला संरक्षण असलेलं मॉड्यूल घ्या, पण त्यातून तीन अँपिअरच्या आसपासच करंट मिळतो हे लक्षात ठेवा; एका एलईडीला ते चालतं, पिक्सेलला नाही. चार्जिंग लावून झोपू नका. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५च्या घरात जातो, अशा उन्हात बंद गाडीत तलवार ठेवू नका. विमानाने जाताना सुटा सेल हातातल्या सामानात, चेक-इनच्या बॅगेत नाही. आणि शाळेतल्या मुलांनी सेल जोडताना मोठं माणूस शेजारी हवं. यात कमीपणा काही नाही. कारखान्यातही एकटा माणूस फ्यूज काढत नाही.

सामानासाठी मुंबईचा लॅमिंग्टन रोड आहे, पुण्याची बुधवार पेठ आहे, आम्हाला जवळ म्हणजे नागपूरची सीताबर्डी. बाकी ऑनलाइन. पण खरेदीच्या आधी घरातला जुना टॉर्च उघडा. अर्धा धडा त्यात आहे.

आता तो राहिलेला प्रश्न. उपयोग काय?

एक उत्तर खेळाचं. फ्रान्सच्या तलवारबाजी महासंघाने २०१९ साली अशा तलवारींच्या द्वंद्वाला अधिकृत खेळ म्हणून मान्यता दिली. आपल्याकडे मर्दानी खेळाची, लाठीकाठीची परंपरा आहेच. हात फिरवायला शिकवणारे वस्ताद अजून आहेत.

पण मला महत्त्वाचं वाटतं ते दुसरं उत्तर. भिलाईची मुलं इंजिनीअरिंगच्या परीक्षेसाठी वर्षानुवर्षं मेहनत करतात. ओहमचा नियम त्यांना झोपेत विचारला तरी येतो. पण त्यातल्या कितीतरी मुलांनी रेझिस्टर तापलेला बोटाने कधी अनुभवलेला नसतो. या तलवारीत तोच नियम आहे, फक्त इथे उत्तर चुकलं तर गुण जात नाहीत, धूर निघतो. आणि बरोबर आलं तर अंधाऱ्या खोलीत लाल पातं उजळतं. शिवाय विकत आणलेली बंद पडली की तिचा कचरा होतो. स्वतः जोडलेली बंद पडली की आपण स्क्रू-ड्रायव्हर घेतो, कारण आत काय आहे ते आपल्याला माहीत असतं.

तर या रविवारी एकच करा. एक लाल एलईडी, एक रेझिस्टर, एक सेल, एक स्विच. टेबलावर पेटवा. मूठ, नळी, आवाज, सगळं नंतर. आणि शेजारचे फिटर काका दिसले तर त्यांना दाखवा. ते दोन चुका काढतील, मग स्वतःच खुर्ची ओढून बसतील.