कान बघितले का?

अर्ध्या तासापूर्वी डॉक्टर झालेल्या मुलामुलींनो, तुमचं अभिनंदन. टाळ्या मघाशी झाल्या आहेत, त्यामुळे हा भाग इथंच संपवतो.

आयोजकांनी मला ‘सांधेरोपणातील नवे प्रवाह’ असा विषय दिलाय आणि वेळ पंधरा मिनिटं. नवे प्रवाह तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असणार. रोबो मी वयाची साठी उलटल्यावर पाहिला. मी आपला जुनंच सांगतो.

मी घाटीचा, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचा. कॉलेज १९५६ चं, आणि आम्ही शिकायला आलो तेव्हा तिथल्या काही खाटाही बहुधा तेव्हाच्याच होत्या. माझ्या पदवीवर मराठवाडा विद्यापीठ छापलंय. पुढे त्या विद्यापीठाचं नाव बदललं, डॉक्टरांच्या पदव्या नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे गेल्या, आता शहराचंही नाव बदललं. घरी भिंतीवर लावलेलं माझं प्रमाणपत्र नातवंडांना शिलालेखासारखं वाटतं.

अस्थिरोगाची भाषा मला पुस्तकानं कमी आणि ओपीडीतल्या बाकड्यानं जास्त शिकवली. ‘वाटी सरकली’, ‘गादी झिजली’, ‘वंगण संपलं’. या वंगणावर पुढे कितीतरी जणांनी बंगले बांधले, पण ते जाऊ द्या. ऑक्टोबर २००० मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात डॉ. चित्तरंजन राणावतांनी तेव्हाचे पंतप्रधान अटलजी वाजपेयी यांचा गुडघा बदलला आणि आमच्याकडे रांग लागली. सिल्लोडहून आलेल्या एका पाटलांनी खुर्चीत बसायच्या आत सांगितलं, “वाजपेयींना बसवला तोच बसवा.” मी म्हटलं, त्यांचं माप वेगळं. ते म्हणाले, “मग एक नंबर मोठा द्या.” चपलेच्या दुकानात सांगावं तसं!

बायका मात्र नेमकं विचारायच्या. पंगतीत बसता येईल का? चुलीपुढं? शहागंजच्या एक आपा म्हणाल्या, “नमाज का क्या?” खुर्चीवर बसणाऱ्या देशांत घडलेल्या त्या गुडघ्यांना या प्रश्नांचं उत्तर नव्हतं. पुण्याच्या डॉ. कांतिलाल संचेतींनी आपल्या बैठकीचा विचार करून ‘इंडस’ गुडघा घडवला, तो अशाच प्रश्नांमुळे. आम्ही बाकीचे मान हलवून पुढचा पेशंट बोलवत होतो.

बोलावलंच आहे तर चार्नलींचं सांगतो. इंग्लंडातल्या रायटिंग्टन रुग्णालयाचे जॉन चार्नली. त्यांच्याकडे एक गृहस्थ आले. त्यांच्या खुब्यात ॲक्रिलिकचा गोळा बसवलेला, आणि तो करकर वाजायचा. इतका, की त्यांची बायको त्यांच्यासोबत एका खोलीत थांबेना. दुसऱ्या कुणी ही तक्रार हसून सोडली असती. चार्नलींनी विचार केला, वाजतो म्हणजे घासतो, आणि घासतो का? तिथून त्यांनी टेफ्लॉनची वाटी बसवून पाहिली. ती झिजली आणि शेकडो रुग्णांना त्रास झाला. तेव्हा टेफ्लॉनचे कण शरीरात काय करतात हे बघायला त्यांनी ते स्वतःच्या मांडीत टोचून घेतले. १९६२ मध्ये पॉलिथिलीनची वाटी आली, आणि आजही आपण त्याच वाटेनं चालतोय. एका वैतागलेल्या बायकोचं गाऱ्हाणं ऐकून घेतल्यामुळे हे झालं.

आता माझं. हे मी सहसा व्यासपीठावर सांगत नाही.

फुलंब्रीकडच्या एक मावशी होत्या, वय साठीच्या आसपास. दोन्ही गुडघे गेलेले, पाठ फळीसारखी ताठ. एक्स-रे बघितला, गुडघा झिजलाय, बदलू. सात मिनिटांत विषय संपला. तेव्हा मी एका खासगी रुग्णालयात दिवसाला चार-चार गुडघे करत होतो आणि त्याचा मला अभिमानही होता. शस्त्रक्रियेच्या दिवशी भूलतज्ज्ञ पाठीत सुई घालायला बसला. सुई जाईना. एकदा, दोनदा, तीनदा. मी हात धुऊन उभा. “अरे, आज होणार आहे का?” असं मी त्याला सगळ्यांदेखत बोललो. शेवटी त्यानं पूर्ण भूल दिली.

गुडघा उघडला. मुलांनो, कूर्चा कशी दिसते तुम्हाला माहीत आहे. ओल्या नारळाच्या खोबऱ्यासारखी पांढरी, फार तर पिवळट. ही काळी होती. तव्याच्या बुडासारखी काळी. चिमट्यानं धरली तर पापुद्रे तुटायला लागले. सिस्टरच्या हातातलं हत्यार तसंच राहिलं. मला आधी वाटलं जंतुसंसर्ग, मग वाटलं गाठ. दोन्हीचा मेळ बसेना. माझे सर निवृत्त होऊन घरी होते. वॉर्डबॉयनं फोन लावून माझ्या कानाशी धरला. मी पाच वाक्यांत सांगितलं. सर क्षणभर गप्प, मग म्हणाले, “कान बघितले का?”

मी गुडघ्यासाठी फोन केला होता.

मघाशी ज्याला बोललो होतो त्याच भूलतज्ज्ञानं मावशींची टोपी सरकवली आणि कान दिव्याकडे धरला. पाळीच्या वरची कूर्चा निळसर काळी, कातडीखाली शाई सांडल्यासारखी. पापणी उचलली तर डोळ्याच्या पांढऱ्यात करडा ठिपका. पाठीच्या मणक्यांमधल्या गाद्यांत चुना साठून पाठ वाकेनाशी झालेली, मणक्यांमधली फट उघडेना, म्हणून सुई शिरत नव्हती. अल्कॅप्टोन्युरिया. शरीराला होमोजेंटिसिक आम्ल मोडता येत नाही, ते लघवीत उतरतं, कूर्चेत साठतं आणि वर्षानुवर्षं तिला काळं करत राहतं.

गुडघा बसवला, चांगला बसला. तिसऱ्या दिवशी मी विचारलं, “मावशी, लघवी काळी पडते का?” त्या संकोचल्या. मग हळूच म्हणाल्या, लहानपणापासून. कपड्याला डाग पडायचा, साबण लावला की आणखीच गडद व्हायचा. लग्न ठरलं तेव्हा आईनं बजावलं होतं, कुणाला सांगू नको. आई-वडील आत्ये-मामे भावंडं. मी म्हटलं, मला का नाही सांगितलं? त्या म्हणाल्या, “तुम्ही गुडघ्याचे डाक्टर. लगवीचं तुमाला कशाला सांगायचं?”

लंडनच्या आर्चिबाल्ड गॅरॉडनं १९०२ मध्ये हाच आजार घराण्यातून कसा येतो ते मांडलं. त्याच्याकडे काय होतं? यंत्र कुठलं नव्हतं. त्यानं रुग्णांच्या आई-वडिलांचं नातं विचारलं, तर बरीचशी चुलत-मामे भावंडं निघाली. एका घरात बाळ जन्मणार होतं, तर दुपट्यांवर डाग पडतो का बघा, असं त्यानं आधीच सांगून ठेवलं. पडला. आपल्याकडे मामाची मुलगी करणं रीतीचं आहे, हे ठाऊक असूनही मी विचारलं नव्हतं.

विचारा. एवढंच सांगायला मी आलोय, आणि तुम्ही कंटाळलात तरी पुन्हा सांगणार आहे. दुखतं तिथंच बघू नका. दात बघा, कान बघा, पाणी कुठलं पिता ते विचारा. किनवट, पांढरकवडा भागातल्या फ्लोराइडच्या पाण्यावर वाढलेल्या माणसाचं हाड एक्स-रेत खडूसारखं पांढरंशुभ्र दिसतं. त्यात ड्रिल घातलं की जालन्याच्या सळईत घातल्यासारखं तापतं, आणि तेच हाड जरा जोर लागला तर तडकतं. दातांवरचे तपकिरी पट्टे आधी बघितले असते तर एका जिल्ह्याच्या गावी माझे दोन ड्रिल बिट मोडले नसते. दुसऱ्याचा अर्धा तुकडा आत राहिला. तो अजून त्या माणसाच्या मांडीत आहे. मी त्याला तसं सांगितलंय.

आणि पुड्यांबद्दल विचारा. कागदात बांधलेल्या, बिननावाच्या, ‘एका दिवसात दुखणं बंद’वाल्या. त्यात बऱ्याचदा स्टेरॉइड असतं आणि खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा हळूहळू आटतो. कोविडनंतर तर तिशीतली पोरं दोन्ही खुबे धरून यायला लागली. स्टेरॉइडनं तेव्हा जीव वाचवले, हे खरं. पण किती दिवस घेतलं, हे विचारलं की घरचे एकमेकांकडे बघतात. फाईल हातभर जाड असते, डोस मात्र त्यात सापडत नाही. यावर आपल्या परिषदांमध्ये सत्र क्वचितच होतं. कुठल्या कंपनीचा गुडघा किती वाकतो यावर होतं, आणि मग जेवण असतं.

आयोजकांनी चिठ्ठी पाठवलीय. दोन मिनिटं उरलीत.

फुलंब्रीच्या मावशींचा दुसरा गुडघा पुढच्या वर्षी केला. त्या वेळी भूलतज्ज्ञाची माफीही मागितली. त्याला तो प्रसंग आठवत नव्हता, किंवा नाही असं तो म्हणाला. त्यानंतर काही महिन्यांनी ओपीडीत पन्नाशीचा एक गृहस्थ आला, पाठ दुखते म्हणून. चालणं ओळखीचं वाटलं. मी तोंड उघडायच्या आत त्यानं पिशवीतून पाण्याची बाटली काढून टेबलावर ठेवली. “अक्कानं पाठवलंय. म्हणाली, डाक्टर आधी हेच विचारतील, पहाटेचीच भरून ने.” वरचा चार बोटं थर काळा झाला होता आणि खाली अजून पिवळं होतं.