नाच शिकणारी मुले



दंडारीत परका पोरगा नाचला, तर आपण शाबासकी देतो. घरच्या पोराने नाच शिकायचे नाव काढले, की बाप विचारतो, "त्यानं पोट भरते काय?" प्रश्न काही खोटा नाही.

अमीरुद्दीन शहा या मुलाचे ऐका. बाप मुंबईकडे वेल्डिंग करणारा. पोरगा पाहून पाहून कोलांट्या मारायला शिकला. पुढे मुंबईच्या डान्सवर्क्स या नाचाच्या शाळेत इस्राएलचे येहुदा माओर गुरुजी त्याला भेटले. ते बॅले शिकवीत. बॅले हा युरोपातला नाच. टाचा उचलून तोल धरायचा, उडी मारून अलगद उतरायचे. दुसरा एक मोकळा नाच आहे, त्याला कंटेम्पररी म्हणतात. त्यात जमिनीवर पडायचे, लोळायचे, श्वासाबरोबर उठायचे. दिसायला सोपे! पण आधी अंग गरम केले नाही, तर शीर ताणते, घोटा मुरगळतो. वाढत्या वयात हाडे कोवळी असतात. गोऱ्ह्याला आपण पहिल्याच दिवशी दिवसभर वखराला जुंपतो काय?

२०१७ साली अमीरुद्दीनला लंडनच्या रॉयल बॅले स्कूलमध्ये प्रवेश मिळाला. वय पंधरा-सोळा. खर्च बापाच्या ऐपतीबाहेरचा, म्हणून लोकांनी मदत केली. सगळ्यांनाच लंडन मिळत नाही, हेही खरे.

तुमच्या मुलाने किंवा मुलीने हट्ट धरला, तर शिकवणाऱ्याला जाऊन भेटा. विचारा, आधी अंग गरम करून घेता काय? गुडघा दुखला तर थांबवता काय? आणि रात्री पोराच्या ताटात भाकरीबरोबर वरण जरा जास्त वाढा.