विझलेला दिवा

गणेशोत्सव जवळ आला की ताप्तीकाठच्या बुऱ्हाणपुरासारख्या गावी हौशी कारागीर घरीच ध्वनिवर्धक जुळवितो व त्यास मोठ्या कौतुकाने दिव्याचे बटण बसवितो. फेजची तार फ्यूजमधून बटणात आणावयाची. निऑनचा इवलासा दिवा, रोधकासह, बटणातून बाहेर पडणारी तार व न्यूट्रल यांच्यामध्ये जोडावयाचा. येथवर सारे सोपे! परंतु भिंतीवरील सॉकेटातच या दोन तारांची अदलाबदल झालेली असेल, तर एकेरी बटण न्यूट्रलच तोडते. दिवा विझतो, ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्यात मात्र २३० व्होल्ट तसेच दबा धरून असतात. म्हणून दोन्ही तारा तोडणारे दुहेरी बटणच घ्यावे. प्लग उपसल्यावरही मोठे कंडेन्सर काही काळ विद्युतभार धरून ठेवतात. व्होल्टमापकाचा काटा शून्यावर आल्याखेरीज पेटीत हात घालू नये.