जिभेवरची फाटके
(उत्सवातील भाषणाचा मजकूर)



मी डिप्लोमावाला रेल्वे इंजिनीअर. जीवशास्त्र माझा प्रांत नव्हे. पण जीभसुद्धा विजेवर चालते हे वाचले आणि कुतूहल जागे झाले.

चवीच्या पेशीच्या पडद्यात आयन चॅनेल, म्हणजे विद्युतभारित कणांची सूक्ष्म फाटके असतात. फाटक उघडले की कण आत शिरतात, पेशीचा विद्युतदाब बदलतो आणि मेंदूकडे सिग्नल जातो. लिंबाच्या आंबटपणाचे फाटक ओटॉप-१. ते २०१८-१९ मध्ये उलगडले. गोडाचा मार्ग जरा लांबचा. साखर आधी ग्राहक प्रथिनाला चिकटते, मग आतल्या साखळीतून टीआरपीएम-५ हे फाटक उघडते. ते उबेत अधिक उघडते, म्हणून कोमट पदार्थ गारापेक्षा गोड लागतो. मोदक गरम वाढण्यामागे आपल्या आज्यांचे शहाणपण होते!

आपल्या षड्रसांत तिखट आहे, विज्ञान मात्र त्याला चव मानत नाही. मिरची वेदनेच्या मज्जातंतूवरचे टीआरपीव्ही-१ उघडते. तेच फाटक ४३ अंशांवरच्या उष्णतेनेही उघडते, म्हणून तोंड ‘भाजते’. डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने ते १९९७ मध्ये शोधले. २०२१ चे नोबेल त्यांना विभागून मिळाले. इथल्या कासुंदीची नाकात जाणारी झणक मात्र टीआरपीए-१ ची. म्हणजे कोल्हापूरचा ठसका आणि कोलकात्याचा ठसका, दोन्हींची फाटके वेगळी!

या क्षेत्रात आपल्या मुंबईचाही वाटा आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबेद सिद्दिकी आणि मूळ गोमंतकीय कुटुंबातल्या व्हेरोनिका रॉड्रिग्ज यांनी फळमाशीवर काम केले. चव आणि वास ओळखण्यात जनुकांचा हात कसा असतो, यावरचा त्यांचा निबंध १९७८ चा.

शेवटी मिठाविषयी. उंदरांच्या जिभेवर सौम्य खारटपणा ओळखणारे सोडियमचे फाटक, ‘ईनॅक’, आपल्या मूत्रपिंडातही असते. तिथे ते सोडियम शरीरात राखते आणि रक्तदाबावर परिणाम करते. जीभ घासभर चाखून मोकळी होते, हिशेब मूत्रपिंडाला ठेवावा लागतो. आपल्यापैकी अनेकांची रात्रपाळी, अवेळी जेवण आणि सोबत लोणचे-पापड. जिभेने हिरवा सिग्नल दिला म्हणून गाडी सोडू नका. रक्तदाब तपासून घ्या आणि पानातले वरचे मीठ बंद करा.

गणपती बाप्पा मोरया!