मालकाची जबाबदारी आणि विमा

पनवेल हे घाट आणि खाडी यांच्या मध्ये वसलेले जुने पेठेचे गाव. एके काळी घाट उतरून आलेल्या बैलगाड्या येथे विसावत, आणि गाड्यांची चाके घडविणाऱ्या सुतारांमुळे गावाची ख्याती दूरवर होती. त्या काळी कामकऱ्याच्या हातावर वाकस बसला, तर त्याच्या घरची चूल मालकाच्या दयेवर पेटे. मालक सज्जन असला तर चार पायल्या तांदूळ घरी पोचत. नसला तर दैवाला बोल लावून गप्प बसावयाचे. आज त्याच तालुक्यात तळोजे येथे रासायनिक व यांत्रिक कारखान्यांची मोठी वसाहत उभी आहे. दयेच्या जागी तेथे कायदा आला आहे. तो काय सांगतो हे मात्र पुष्कळ लहान मालकांना अपघात घडल्यावरच कळते.

हा बदल एका दिवसात झाला नाही. जर्मनीने १८८४ साली कामगारांच्या अपघातविम्याचा कायदा केला. हिंदुस्थानात १९२३ साली कामगार नुकसानभरपाईचा कायदा झाला आणि १ जुलै १९२४ पासून तो अंमलात आला. मालकाची चूक सिद्ध करण्याचे ओझे त्याने कामगाराच्या शिरावरून उतरविले. काम करीत असता, कामामुळे इजा झाली, एवढे दिसले म्हणजे पुरे झाले. पुढे प्रा. बी. पी. आडारकर यांनी १९४४ साली कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना सरकारला सादर केली. तिच्यातूनच १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा जन्मास आला. हे दोन्ही कायदे आता सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० हिच्यात सामावले असून ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे.

सक्तीचे विमे कोणते, हे प्रथम पाहणे इष्ट. दहा किंवा अधिक माणसे कामावर असलेल्या आस्थापनेला कर्मचारी राज्य विम्याची योजना लागू होते. दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असणारा कामगार तिच्यात येतो. १ जुलै २०१९ पासून वर्गणीचा दर मालकाकडून वेतनाच्या सव्वातीन टक्के व कामगाराकडून पाऊण टक्का असा ठरविण्यात आला. या अल्प वर्गणीतून कुटुंबाला औषधोपचार, आजारपणात वेतनाचा काही भाग, आणि कामावर मृत्यू आल्यास आश्रितांना निर्वाहवेतन मिळते. दुसरी सक्ती मोटारीची. रस्त्यावरील तिऱ्हाइताला होणाऱ्या इजेचा विमा १ जुलै १९४६ पासून आवश्यक आहे, व तो नियम मालाच्या टेंपोलाही तितकाच लागू आहे. तिसरी सक्ती घातक रसायने हाताळणाऱ्यांवर आहे. डिसेंबर १९८४ मधील भोपाळच्या वायुकांडानंतर, १९९१ साली सार्वजनिक दायित्व विम्याचा कायदा झाला. कारखान्याच्या कुंपणाबाहेरील माणसालाही दोष सिद्ध न करता तातडीचे साहाय्य मिळावे, हा त्याचा हेतू. तळोज्याच्या शेजारी राहणाऱ्या कुटुंबांना त्याचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

खरा घोटाळा होतो तो यापुढे. समजा, एका लहान कार्यशाळेत आठच माणसे आहेत. संख्या दहाच्या आत असल्याने राज्य विमा लागू नाही, आणि मालक निश्चिंत आहे. तेथे चाळीस वर्षांचा, दरमहा १५,००० रुपये वेतनाचा एक कामगार यंत्रावर दगावला. कायद्याचे गणित असे की, मासिक वेतनाच्या निम्म्या रकमेला वयानुसार ठरविलेल्या अंकाने गुणावयाचे. चाळीस वर्षांसाठी तो अंक १८४.१७ आहे. म्हणजे ७,५०० गुणिले १८४.१७, रक्कम झाली १३,८१,२७५ रुपये. ही रक्कम द्यावी, ही सक्ती आहे. तिच्यासाठी विमा उतरावा, असे मात्र या मालकाला कोणी बजावलेले नसते. जबाबदारी सक्तीची व तरतूद ऐच्छिक, अशी ही विचित्र स्थिती आहे. लहान मालकाजवळ इतके पैसे रोख नसतात. मग यंत्रे विकली जातात, उरलेले सात जण बेकार होतात, आणि विधवेच्या हाती पैसा पडावयास वर्षे लागतात. एका अपघाताने अशा रीतीने आठ घरे उघडी पडतात. कामगार भरपाईचा विमा म्हणूनच, नावाला ऐच्छिक असला तरी, विवेकी मालकाने सक्तीचाच मानावा.

मालमत्तेच्या विम्याचेही तेच. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत कोकणपट्टीत हाहाकार उडाला, व पनवेललाही पुराने गाठले. गाढी नदीच्या काठचे गाव असल्याने ही धास्ती दर पावसाळ्याची आहे. १ एप्रिल २०२१ पासून पाच कोटी रुपयांपर्यंतच्या मालमत्तेसाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ हा ठरावीक स्वरूपाचा विमा मिळू लागला. आगीबरोबर पूर व वादळही त्यात येतात. परंतु हप्ता वाचविण्यासाठी मालाची किंमत कमी दाखविण्याची खोड वाईट. चाळीस लाखांची मालमत्ता वीस लाखांची म्हणून दाखविली आणि दहा लाखांचे नुकसान झाले, तर प्रमाणाच्या नियमाने हाती पाचच लाख येतात.

पुष्कळांची तक्रार असते की, वर्षानुवर्षे हप्ते भरले आणि घडले काहीच नाही. पैसा फुकट गेला. घराला कडी लावली आणि चोर आला नाही, म्हणून कडीचा पैसा फुकट गेला, असे कोणी म्हणत नाही. शिवाय एकाचे हप्ते दुसऱ्याच्या संकटी उपयोगी पडतात, हेच विम्याचे मर्म होय. गावात कोणाचे घर जळाले तर सर्वांनी मिळून वासे व कौले द्यावीत, ही जुनी रीत होती. विमा ही त्याच रीतीची हिशेबात बसविलेली आवृत्ती आहे.

तेव्हा प्रत्येक मालकाने, दुकान लहान असो वा मोठे, वर्षातून एकदा तीन गोष्टी कागदावर मांडाव्यात: कामावर माणसे किती व त्यांचे वेतन काय, मालमत्तेची आजची खरी किंमत काय, आणि विम्याच्या कराराची मुदत केव्हा संपते. कराराच्या अटींत कोणत्या प्रसंगी भरपाई मिळणार नाही, तो भाग सर्वांत आधी वाचावा. तहान लागल्यावर विहीर खणू नये, हे सर्वांस ठाऊक आहे. येथे तर तहान एकट्या मालकाची नसते. त्याच्या भरवशावर सकाळी डबा घेऊन घराबाहेर पडणाऱ्या प्रत्येक माणसाची असते.