आधी मोजा, मग दोष द्या

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात. मोटारहोमवाल्याचं बिऱ्हाड चाकांवर. महाराष्ट्र शासनानं २०२१ साली कॅरव्हॅन पर्यटन धोरण आणलं आणि ही फिरती घरं आपल्याही ओळखीची झाली. दिवे, पाण्याचा पंप, छोटा फ्रिज, सारं आत. हा संसार चालतो बॅटरीवर. आडरानात मुक्काम असताना ती रुसली, तर अंधार होतोच. पण फ्रिजमध्ये कुणाचं इन्सुलिन असेल, तर गोष्ट अंधारापुरती राहत नाही.

अशा वेळी पहिला आळ बॅटरीवर येतो. ‘गेली, नवी टाका!’ नवी टाकली जाते आणि चार दिवसांनी पुन्हा तेच. म्हणून एक साधा मल्टिमीटर जवळ असावा.

या गाडीत बहुधा दोन बॅटऱ्या असतात. एक इंजिन सुरू करते, दुसरी घर चालवते. घरची बॅटरी लेड-ॲसिडची असेल, तर चार्जिंग आणि वापर काही तास बंद ठेवून मोजा. १२.६ ते १२.७ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ च्या आसपास म्हणजे निम्मी. लिथियमला हा हिशेब लावू नये. भरलेली दिसणारी बॅटरी दोन दिवे लावताच ११ च्या खाली कोसळली, तर ती खरोखरच थकली आहे.

आता इंजिन सुरू करा. इंजिनच्या बॅटरीवर आकडा १४ च्या आसपास चढला, पण घरच्या बॅटरीवर हललाच नाही, तर दोष मधल्या वाटेवर आहे. फ्यूज, रिले, सैल झालेला जोड तपासा.

कधी बॅटरीवर १२.५ दिसतात आणि चालू पंपाच्या टोकाशी जेमतेम ११. मधला दीड व्होल्ट बहुधा गंजलेल्या अर्थिंगनं खाल्लेला असतो. वायर जिथे बॉडीला बोल्टनं कसलेली असते, तिथे पावसाळ्यात गंज धरतो. बोल्ट काढून जागा घासावी आणि पुन्हा घट्ट कसावा. नव्या बॅटरीचे पैसे वाचतात.

सगळं बंद असतानाही एखादं यंत्र अर्धा अँपिअर ओढत असलं, तर दिवसाला १२ अँपिअर-तास जातात. १०० अँपिअर-तासांच्या लेड-ॲसिड बॅटरीतले निम्मेच वापरावेत, असा दंडक आहे. म्हणजे गाडी नुसती उभी राहिली, तरी चार दिवसांत शिल्लक संपली. एकेक फ्यूज काढून पाहिला, की खाणारा सापडतो.

मात्र हात घालण्यापूर्वी अंगठी, कडं काढून ठेवा. चार्ज होणाऱ्या लेड-ॲसिड बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तेव्हा जवळ काडी, विडी नको. जोड सोडताना ऋण टोक आधी सोडावं आणि जोडताना ते शेवटी जोडावं. फ्यूज उडाला, तर त्याच क्षमतेचा बसवा; त्याजागी तार गुंडाळू नका. फ्यूज जळतो तो वायर जळू नये म्हणून. आत मुलंबाळं झोपलेली असतात, हे विसरू नये.